वॉटर्लूचा पाऊस आणि आईचा वरवंटा

सुकापूर, पनवेल
वसुबारसेच्या अलीकडचा सोमवार

तीर्थरूप दादा यांस
(सध्या मुक्काम कोथरूड बेट)

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. गुडघ्याच्या डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली असल्यामुळे आठही अंगं मनातल्या मनात टेकवली आहेत, ती पोचली असं समजावं. तुझी तब्येत बरी असेल. साखर आटोक्यात आहे, सकाळचं फिरणं चालू आहे आणि नव्या चष्म्याचा नंबर तुला मान्य नाही, एवढं मला ठाऊक आहे. कसं ते विचारू नकोस. (मनिषा वहिनी माझी हेर नाही. दोन राष्ट्रांचं बोलणं बंद झालं की मध्ये एक राजदूत लागतोच, तेवढंच ती करते.) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. अथर्व बंगळूरहून धनत्रयोदशीला येतोय. यंदा फराळातल्या चकल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवल्या आहेत. त्याचं कारण पुढे येईल.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन आहेच. पण मे महिन्यापासून मी फोन केला की तू "हं, मनिषाला देतो" एवढं एकच वाक्य बोलतोस आणि फोन हातातून सोडतोस. पत्राचं तसं करता येणार नाही. पाकिटावर तुझं नाव आहे आणि दुसऱ्याचं पत्र वाचू नये ही शिकवण तूच मला कान पिळून दिली आहेस. तेव्हा आता चष्मा लाव (जुना लाव, नव्याने तुला दिसत नाही) आणि वाच. आणि आधीच सांगते, हे पत्र तुला भाऊबीजेला बोलवण्यासाठी लिहिलेलं नाही. तू राखीला आला नाहीस, तसा भाऊबीजेलाही येणार नाहीस, हे मी धरून चालले आहे. ओवाळणीचं चांदीचं निरांजन घासायलासुद्धा काढलेलं नाही. (काढलं होतं, परत ठेवलं.)

आता झालं ते तुला माहीत आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने घटना क्रमाने मांडावी असा नियम आहे. आपली रुचिरा युरोपच्या सहलीला गेली. तिने घराच्या ग्रुपवर वॉटर्लूच्या मैदानाचा फोटो टाकला, हिरवंगार गवत आणि मधोमध गुलाबी जर्किनमध्ये रुचिरा. सगळ्यांनी अंगठे दाखवले. तू मात्र खाली लिहिलंस, "इथे पाऊस पडला म्हणून नेपोलियन हरला." बरं, लिहिलंस तर लिहिलंस. पण माझा एम.ए.चा अभ्यास नुकताच सुरू झाला होता आणि नवा मुसलमान सारखा नमाज पढतो म्हणतात ना, तशी माझी गत. मी तिथेच तीन परिच्छेद लिहिले. पाऊस हे दुय्यम कारण, खरं कारण प्रशियाचं सैन्य वेळेवर पोचलं हे, शाळेतल्या गोष्टी आणि संशोधन यांत फरक असतो वगैरे वगैरे. खाली दोन संदर्भग्रंथ. वर भाच्या, पुतणे, सुना, तुझे व्याही, सगळे वाचायला हजर. तू त्यावर "ठीक." असं लिहिलंस. पुढे पूर्णविराम दिलास. आणि मिनिटभरात फोनने कळवलं की कमलाकर ग्रुप सोडून गेले आहेत.

तेव्हापासून घरात तुला 'सेंट हेलेना' म्हणतात. (मी म्हणत नाही. मी सुरुवात केली होती, पण आता म्हणत नाही.) मला सांग, नेपोलियनला तिथून परत येता येत नव्हतं. समुद्र होता, इंग्रजांचा पहारा होता. कोथरूड ते पनवेल द्रुतगती मार्ग आहे. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तुझा तर अजून सुंभही शाबूत आहे.

माझ्या कॉलेजविषयी तुला कोणी काही सांगितलं नसेल. (वहिनीने सांगितलं असेल, पण तू ऐकलं नाहीस असं दाखवलं असशील.) दर रविवारी वर्ग असतो. पेपरचं नाव 'क्रांती, साम्राज्य आणि युद्ध'. बँकेतल्या नोकरीनंतर मला त्यातलं काहीच परकं वाटत नाही. वर्गातली मुलं अथर्वहूनही लहान. शेजारच्या बाकावरचा आर्यन गुणी आहे, माझी पिशवी जिन्यावरून वर नेतो, पण दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला तेव्हा त्याने मला अगदी आदराने विचारलं, "काकू, तेव्हा पनवेलमध्ये काय वातावरण होतं?" मी त्याला सांगितलं की माझ्या जन्मापूर्वीच ते महायुद्ध संपलं होतं. त्याचा विश्वास बसला असं दिसलं नाही.

तर एका रविवारी सर म्हणाले, साम्राज्याचा इतिहास वरून बघू नका, खालून बघा. राजा काय म्हणाला ते सगळे लिहितात, पाणी भरणाऱ्याला काय वाटलं ते कोण लिहिणार? सगळी मुलं वहीत लिहून घेत होती. मला लिहायची गरज पडली नाही. मी खालीच होते. पोस्टाच्या मागच्या आपल्या दोन खोल्या, पुढचं अंगण, आणि त्यात दर दिवाळीला उभा राहणारा तुझा कर्नाळा माझ्या डोळ्यांपुढे आला.

आठवतंय ना? तू किल्लेदार. शेजारची मुलं तोफखाना. आणि मी रयत. वडाळे तलावाच्या काठची माती तोफखान्याने आणायची, गोणपाट तू अंथरायचास, आणि रयतेने पाणी भरायचं, हळीव पेरायचं आणि गप्प बसायचं. मी एकदा विचारलं होतं की मी किल्लेदार कधी होणार. तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "रयतेने किल्लेदार व्हायचं नसतं. किल्ला रयतेसाठीच असतो." मला ते इतकं पटलं की मी आणखी एक बादली पाणी आणलं. बाकीची मुलं दरवर्षी वेगळा किल्ला करायची, तू मात्र कर्नाळाच, कारण त्याचा सुळका. आणि सुळका म्हणजे आईचा वरवंटा. वसुबारसेला तो पाट्यावरून उठायचा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ल्यावर उभा असायचा. तेवढे दिवस घरात वाटण नाही. फराळ खाऊन खाऊन बाबांची जीभ गोडाने मरायची, ते कालवण मागायचे आणि आई म्हणायची, "तुमच्या चिरंजिवांकडून वरवंटा सोडवून आणा, मग करते." बाबा अंगणात यायचे, वाकून किल्ला बघायचे आणि वरवंटा न घेताच आत जायचे.

जगाचा इतिहास मी त्याच अंगणात शिकले, दादा. एकाहत्तरची लढाई आपण जिंकली, त्याच्या पुढच्या दिवाळीत कर्नाळ्याच्या पायथ्याशी काड्यापेट्यांचा रणगाडा आला. मावळे आणि रणगाडा एकाच बाजूने लढत होते आणि त्यात कोणाला काही खटकलं नाही. आणि एका वर्षी तू बाटलीच्या बुचाला कागदी टोपी घालून नेपोलियन केलास. परातीत पाणी, पाण्यात उपडी वाटी, वाटीवर एकटं बूच. ते सेंट हेलेना. मला त्या बुचाची इतकी दया आली की मी त्याच्यापुढे चिवड्यातला एक शेंगदाणा ठेवला. तुला आठवतं का, तू रागावला नाहीस. तो शेंगदाणा तू शेवटपर्यंत तिथेच ठेवलास. कैद्यालाही फराळ पोचला पाहिजे, म्हणालास.

असो. नमनालाच घडाभर तेल गेलं. तर सरांनी प्रकल्प दिला की जगाच्या इतिहासातली एक घटना स्थानिक माध्यमातून सामान्य माणसांपर्यंत पोचवा. मुलं रील करणार, पोस्टर करणार. मी ठरवलं, दिवाळीचा किल्ला. पण कर्नाळा नाही, बास्तील. पॅरिसचा तो तुरुंग, लोकांनी चाल करून घेतलेला, जिथून फ्रेंच राज्यक्रांती पेटली. दिवाळीत निम्मी सोसायटी गावाला जाते म्हणून आमच्याकडे किल्ल्यांची स्पर्धा आदल्या रविवारीच असते, म्हणजे कालच झाली. माझी योजना अशी की सोसायटीतल्या पोरांना हाताशी धरून बास्तील बांधायचा आणि परीक्षक आले की त्यांच्यादेखत पोरांनी तो पाडायचा. प्रकल्पही झाला आणि क्रांतीही.

पहिली अडचण बुरुजांची. बास्तीलला आठ गोल बुरूज. ते मी फराळाचे स्टीलचे डबे उपडे घालून उभे केले. (चकल्या पिशव्यांत का, ते आता कळलं असेल.) दुसरी अडचण शिपायांची. पनवेलच्या बाजारात मावळे मिळतात, गवळण मिळते, वाघ मिळतो, फ्रेंच शिपाई मिळत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, कुठल्या सीरियलमधला? शेवटी मावळेच आणले आणि तटावर पहाऱ्याला ठेवले. त्यावर रेवा उठली. ही दुसऱ्या मजल्यावरची, चौथीत आहे, दोन वेण्या, आणि बाकी सगळी पोरं तिच्या मुठीत. ती म्हणाली, "आजी, आपले मावळे वाईट राजाचा तुरुंग का राखतील?" मावळे खाली उतरले आणि लोकांच्या बाजूने उभे राहिले. मग आत कोण? कोणाचंच खेळणं तिथे राहायला तयार होईना. शेवटी अथर्वच्या जुन्या खोक्यातला एक प्लास्टिकचा डायनासोर सोळाव्या लुईच्या वतीने तटावर चढला आणि त्याच्या मदतीला कोणीतरी रणगाडा आणून ठेवला. रणगाडा पाहून मी काही बोलले नाही. आपल्या घराण्यात ती रीत आहे.

येणारेजाणारे थांबून बघायचे. कोणाला ती पाण्याची नवी टाकी वाटली, कोणी तळोजाचा तुरुंग का म्हणून विचारलं. (हा त्यातला जवळचा अंदाज.) उरणहून मासे घेऊन येणारी किशोरी पाटी उतरवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ह्यो किल्ला हाय का हौद? सुलका नाय, काय नाय. आमी दर्यावरनं बघतो तं पयला सुलकाच दिसतो." मी तिला फ्रेंच राज्यक्रांती समजावून सांगितली. तिने ती सगळी ऐकून घेतली आणि बोंबील महाग केले. पण तिचं ते सुळक्याचं बोलणं पोरांच्या कानावर पडलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

हळीव छान उगवलं. शनिवारी दुपारी मी खुर्चीत बसून आज्ञा देत होते. (गुडघे.) इकडे माती लावा, तिकडे पाणी शिंपडा, तो दगड उचला, रविवारी मी हात वर केला की सगळ्यांनी मिळून बास्तील पाडायचा. पोरं थांबलीच. पाडायचा? एवढं हळीव आलंय तो? रेवाने हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "आजी, सगळं तुम्हीच ठरवता. आम्ही नुसतं पाणी आणतो." आणि दादा, एक क्षणही विचार न करता माझ्या तोंडून निघालं, "अगं, किल्ला तुमच्यासाठीच तर आहे." आवाज माझा होता, वाक्य तुझं होतं. मुळात मी एवढी पुस्तकं वाचली, साम्राज्यं कशी होतात त्यावर पानंच्या पानं लिहिली, आणि खुर्चीत बसायला मिळाल्याबरोबर चार दिवसांत किल्लेदार झाले की.

मी म्हटलं, मग करा तुम्हाला काय करायचं ते, आणि रुसून वर आले. (राजे लोक पळून जातात, त्याला इतिहासात आधार आहे.) चहा घेतला आणि डोळा लागला. तेवढ्यात रेवा सैन्य घेऊन दारात आली. आमच्याकडचे म्हणजे तटस्थ राष्ट्र, ते पेपर वाचत होते. आईचा वरवंटा गेली कित्येक वर्षं आमच्या गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे टेकवलेला असतो. रेवाने बोट दाखवून विचारलं, आजोबा, तो लांब दगड नेऊ? तटस्थ राष्ट्राने पेपरातून मान वर न काढता परवानगी दिली.

संध्याकाळी मी खाली गेले. मधले बुरूज मातीखाली गेले होते. चारी बाजूंनी उतार, उतारावर हळीव, आणि मधोमध वरवंटा उभा. मावळे वर चढले होते. डायनासोर पायथ्याला गवळणीशेजारी गाई राखत होता. त्या पोरांना मी तुझ्याबद्दल, अंगणाबद्दल, आईबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. त्यांना किशोरीने सुळका म्हटलं होतं, गच्चीवरून कर्नाळा दिसतो, आणि घरात तसा एक दगड होता, इतकंच. पण तुझा किल्ला होता तो, दादा. तसाच्या तसा. मला रडू आलं. पोरांसमोरच आलं. रेवा घाबरून म्हणाली, रागावलात का. मी तिला सांगितलं की हा दगड माझ्या आईचा आहे आणि त्याची जागा तीच आहे.

काल परीक्षक आले. आमचे सेक्रेटरी सत्यजीत, आयटीतला मुलगा. वर कर्नाळा आणि खाली माझी पाटी 'बास्तील, पॅरिस' तशीच राहिलेली. तो म्हणाला, "काकू, किल्ला मस्त आहे, पण थीम क्लिअर होत नाहीये." मी म्हटलं, रयतेला विचारा. रेवाने जे सांगितलं त्यात मावळ्यांनी पॅरिसला जाऊन लोकांना सोडवलं, डायनासोरला माफी दिली आणि सगळे मिळून कर्नाळ्याला परत आले. सत्यजीतने वहीत 'फ्यूजन' लिहिलं आणि फोटोसाठी मोबाइल वर केला. त्याच वेळी वरवंटा हळूहळू कलला आणि रणगाड्यावर आडवा झाला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक रंगपेटी. ती रयतेने ठेवून घेतली, मला विचारलंसुद्धा नाही.

तर असं सगळं चाललं आहे. वहिनीला नमस्कार सांग. (ती आणि मी रोज बोलतो, तरी तू सांग.) चालायला जाताना टोपी घाल. बाकी काही नाही, सहज लिहिलं.

तुझी धाकटी बहीण
नीता

ता. क. : वरवंटा अजून उभा राहत नाही. विटा लावून पाहिल्या, वाळू भरून पाहिली, तटस्थ राष्ट्राने सिमेंट सुचवलं, ते मी फेटाळलं. आपल्या अंगणात तो तुळशीच्या लग्नापर्यंत जागचा हलायचा नाही. तू त्याला खाली काय लावायचास ते मला कधी सांगितलं नाहीस. किल्ल्याची गुपितं रयतेला सांगत नसतात, म्हणायचास. आता सांगायला हरकत नाही. फोनवर समजायचं नाही, प्रत्यक्ष दाखवावं लागेल. आणि येणारच असशील (मी बोलवत नाहीये), तर पाटाही आण. आईच्या मागे आपण दोघांनी हट्ट केला आणि पाटा तू नेलास, वरवंटा मी. तेव्हापासून तुझ्याकडे त्यावर कुंड्या आहेत आणि माझ्याकडे ह्याने दार अडवलंय, वाटण दोघांकडेही मिक्सरवर होतं. पाटा तुमच्या डिकीत मावतो. वहिनीने मोजून पाहिलंय. एक दिवस किल्ल्यावरून वरवंटा काढू, रेवाची परवानगी घेऊ, आणि बाबांना मिळायचं राहिलं ते कालवण करू. बोंबील किशोरीकडे सांगून ठेवले आहेत.

आणखी एक : परीक्षेचा निकाल लागला. पास झाले. वॉटर्लूच्या प्रश्नाला मात्र निम्मेच गुण. मी लिहिलं होतं की प्रशियाचं सैन्य वेळेवर पोचलं म्हणून नेपोलियन हरला. सरांनी समासात लाल शाईने विचारलंय, "ते वेळेवर कसे पोचले? पावसाने नेपोलियनची सुरुवात लांबवली, ते कुठे गेलं?" उत्तरपत्रिकेच्या त्या पानाचा फोटो मी आज सकाळी घराच्या ग्रुपवर टाकला आहे. भाच्या, पुतणे, सुना आणि तुझे व्याही, सगळ्यांनी वाचला. तू ग्रुपवर नसल्यामुळे तुला दिसणार नाही, म्हणून कळवलं.

शेवटचं : रात्रभर मला तेच आठवत होतं. बुचाचा नेपोलियन केलास त्या वर्षी, लढाईचं मैदान सारवून झाल्यावर, तू माझ्या हातात तांब्या दिलास आणि म्हणालास, नीते, आता तू पाऊस. मी तांब्या ओतला, चिखल झाला, तुझ्या तोफा रुतल्या आणि बूच हरलं. वॉटर्लूचा पाऊस मी माझ्या हाताने पाडला होता, दादा, आणि पेपर लिहिताना तोच विसरले. निरांजन घासून ठेवलंय. रेवाला मी सांगून टाकलंय की भाऊबीजेला पुण्याहून एक आजोबा येणार आहेत. तिने विचारलं, ते काय करणार? मी म्हटलं, त्यांना वरवंटा उभा करता येतो. ती म्हणाली, ठीक आहे, पण आधी त्यांना पाणी भरावं लागेल.